दंतधावनाची संगत

पुणे शहरातील मध्यमवर्गीय कुटुंबांत दररोज सकाळी जो एक लहानसा संग्राम घडतो, त्याची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही. तथापि ज्या घरात दोन ते सहा वर्षांचे मूल आहे, त्या घरातील प्रत्येक प्रौढाला त्याचा तपशील तोंडपाठ असतो. शाळेची व्हॅन सोसायटीच्या फाटकाशी येऊन उभी राहण्यास अवघी काही मिनिटे उरलेली असताना आई हातात ब्रश घेऊन सज्ज असते, मूल ओठ घट्ट मिटून पलंगाखाली शिरलेले असते, आजी ‘एक दिवस नाही घासले तर काय बिघडतं?’ असा तहाचा मसुदा पुढे करते, आणि बाबा दाढी करता करता बंद दाराआडून ‘डॉक्टरकाकांना फोन लावू का?’ अशी सक्त ताकीद देतात. या संग्रामात जय कोणाचाही होवो, मुलाच्या मनावर एवढेच ठसते की, दात घासणे ही मोठ्या माणसांनी आपल्यावर बसवलेली एक शिक्षा आहे आणि सवड सापडेल तेव्हा ती चुकवणे हा आपला हक्क आहे.

बाजाराने या प्रश्नावर आपला तोडगा मोठ्या तत्परतेने सादर केलेला आहे. लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानात किंवा एखाद्या मॉलमध्ये गेल्यास कार्टूनच्या नायकांची चित्रे असलेले ब्रश, घासताना दिवा लागणारे ब्रश, स्ट्रॉबेरीच्या आणि बबलगमच्या स्वादाच्या पेस्टी असा सारा सरंजाम मांडलेला दिसतो, आणि तोही अपुरा पडला तर मोबाइलवरची नाचणारी चित्रे मदतीस हजर असतात. या वस्तूंना सरसकट नावे ठेवण्याचा माझा इरादा नाही. लहानशा मुठीत नीट बसेल असा, मऊ केसांचा ब्रश ही मुलाची रास्त गरज आहे, आणि त्याच्या दांडीवर हत्तीचे चित्र असल्याने कोणाचे काही बिघडत नाही. परंतु खरेदीतून येणारा आनंद खरेदीइतकाच अल्पजीवी असतो, आणि आठवड्याभरात हत्ती जुना झाला की पलंगाखालचा मुक्काम पूर्ववत सुरू होतो. माझे म्हणणे असे आहे की, लहान मुलाला या कर्माचा जो कंटाळा येतो, त्यात ब्रशचा किंवा पेस्टीच्या चवीचा वाटा थोडा आणि एकटेपणाचा वाटा फार मोठा असतो. कारण घरातील दुसरे कोणीही जे करताना त्याला दिसत नाही, ते करण्याचा हुकूम त्याला एकट्यालाच सुटलेला असतो.

वास्तविक दंतधावन हा आपल्याकडे फार प्राचीन आणि तितकाच गंभीर विषय आहे. तुरट, तिखट किंवा कडू रसाच्या काडीचे टोक चेचून, हिरड्यांना इजा होणार नाही अशा बेताने, दिवसातून दोन वेळा दात स्वच्छ करावेत असे चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सांगितलेले आहे. तेव्हा दुसऱ्यांदा दात घासणे ही परदेशी टूम आहे असे मानणाऱ्या वडीलधाऱ्यांना आपल्याच ग्रंथांचा आधार मिळणार नाही. समर्थांनी दासबोधात मूर्खांची लक्षणे मोजताना, ज्याचे दात सदैव मळलेले असतात त्यालाही त्या यादीत बसवले आहे. आणि याच शहराच्या वेशीवर, येरवड्याच्या तुरुंगात, १९३० साली गांधीजींच्या सोबतीला असलेले काका कालेलकर कडुनिंबाची काडी एकदा वापरून टाकून देऊ लागले, तेव्हा चावलेले टोक तेवढे कापून तीच काडी दुसऱ्या दिवशीही वापरावी असा पाठ त्यांना मिळाल्याची आठवण प्रसिद्ध आहे. आरोग्य, विवेक आणि काटकसर ही तिन्ही प्रयोजने थोर आहेत यात संशय नाही, परंतु ती प्रौढांची प्रयोजने आहेत. तीन वर्षांच्या मुलाच्या कालगणनेत पुढल्या वर्षीची दाढदुखी बसत नाही, मूर्खपणाचा शिक्का त्याला लागू नाही आणि काटकसरीशी त्याचे उघड वैर असते. त्याला उमजते ते अनुकरण, खेळ, आणि आपल्याकडे पूर्ण लक्ष देणाऱ्या माणसाचा सहवास.

हे तिन्ही लाभ आपल्या पेठांतील जुन्या वाड्यांत कोणतीही योजना न आखता मुलांच्या पदरी पडत असत. वाड्याच्या चौकात हौद असे. पेशव्यांच्या अमदानीत कात्रजच्या तलावातून शहरात खेळवलेले पाणी अशा कित्येक हौदांत उतरत असे, आणि पुढे नळ आले तरी सकाळच्या मेळ्याची जागा तीच राहिली. कोणी तांब्या घेऊन उकिडवा बसलेला, कोणी बाभळीची किंवा कडुनिंबाची काडी चावत खांबाला टेकलेला, कोणी तळहातावर राखुंडीची चिमूट घेतलेली, कोणापाशी माकडछाप काळ्या पावडरीची डबी, तर कोणापाशी केशव विष्णु पेंढरकरांनी १९५२ साली परळला सुरू केलेल्या विको कारखान्याचे वज्रदंती चूर्ण, असा तो थाट असे. आणि काळी झालेली बोटे, फेसाळलेले ओठ व अर्धवट उच्चारांतून चाललेला सार्वजनिक प्रश्नांचा ऊहापोह यांनी चौक गजबजून जाई. त्या मंडळींत बसलेल्या पोराला दात घासण्याची आज्ञा करण्याचे कारणच फारसे उद्भवत नसे, कारण मोठ्यांच्या त्या गंमतीदार सभेत आपणही दाखल व्हावे अशी उत्कंठा त्यालाच लागलेली असे.

त्या चौकाचे गुणगान करून गतकाळाच्या आरत्या ओवाळण्याची माझी इच्छा नाही, कारण त्याच चौकातील अनुकरणाने अपायही तितक्याच सहजतेने केले. राखुंडी आणि कोळशाची भरड पूड बोटाने जोराने घासल्यामुळे दातांचे कवच झिजे. त्याहून अनिष्ट प्रकार म्हणजे तंबाखू भाजून केलेली मिसरी. दात साफ करण्याच्या निमित्ताने ती घराघरांतील स्त्रियांच्या हाती आली आणि आई, मावशी, आत्या यांच्या शेजारी बसणाऱ्या मुलींनी ती तितक्याच निष्ठेने उचलली. दंतमंजनात आणि टूथपेस्टीत तंबाखू वापरण्यास केंद्र सरकारने १९९२ साली मनाई केली, तरी घरच्या तव्यावर भाजल्या जाणाऱ्या मिसरीवर कोणत्याही फर्मानाचा अंमल बसवणे दुष्कर होते. मूल जे ऐकते त्यापेक्षा जे पाहते ते अधिक घेते, हे सत्य मिसरीच्या प्रसाराने जितके कठोरपणे सिद्ध केले तितके क्वचितच कशाने केले असेल. आणि ज्या शक्तीने व्यसन दिले, तीच शक्ती सुसवयीच्या कामी लावता येईल असा उपयुक्त निष्कर्षही त्यातूनच निघतो.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, नदीकाठच्या पेठांतील वाडे पुरात कोसळले आणि हजारो कुटुंबे नव्या वसाहतींत राहावयास गेली; पुढल्या दशकांत उरलेल्या वाड्यांच्या जागी सदनिकांच्या इमारती उभ्या राहिल्या. या स्थित्यंतराने स्वच्छतेची सोय वाढवली, खाजगीपणा दिला, आणि स्त्रियांचे कष्ट पुष्कळ अंशी कमी केले, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र त्याबरोबर दात घासण्याचे कर्म चौकातून मोरीत आणि मोरीतून कडी लावलेल्या बाथरूममध्ये गेले. आजच्या मुलाला आई स्वयंपाक करताना दिसते, बाबा लॅपटॉपवर काम करताना दिसतात, आजी पोथी वाचताना दिसते; परंतु यांपैकी कोणीही दात घासताना त्याच्या दृष्टीस पडत नाही. अशा स्थितीत दात घासणे ही केवळ लहानांवर लादलेली वेठ आहे, असा त्याने ग्रह करून घेतला तर त्याच्या तर्कशक्तीला दोष कसा द्यावा?

हा प्रश्न क्षुल्लक मानण्याचा प्रघात ज्या एका वाक्यावर उभा आहे ते वाक्य म्हणजे, ‘दुधाचेच दात, पडणारच आहेत.’ दुधाचे वीस दात असतात हे खरे, आणि पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडू लागतात हेही खरे. परंतु दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांच्या वयापर्यंत तोंडात राहतात, तोवर त्यांनीच घास चावायचा असतो आणि खालून येणाऱ्या कायमच्या दातांसाठी जागा राखून ठेवायची असते. त्या अकाली किडून काढाव्या लागल्या की शेजारचे दात त्या जागेत सरकतात, आणि पुढे येणारे दात वेडेवाकडे येतात. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे, कोणताही दात न पाडता, मुकाट्याने जी दाढ उगवते ती कायमची असते. कित्येक पालक तिलाही दुधाची समजून तिच्याकडे दुर्लक्ष करतात आणि जन्मभराची ठेव सातव्या-आठव्या वर्षीच गमावतात. भारतीय दंत परिषदेने २००२-०३ साली केलेल्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षे वयाच्या निम्म्याहून अधिक मुलांच्या दातांत कीड आढळली होती, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ सालच्या अहवालाने दुधाच्या दातांच्या किडीने पीडित मुलांची जगभरातील संख्या सुमारे ५१ कोटी सांगितली आहे. पडलेला दात कौलावर फेकण्याचा विधी आपण कौतुकाने पाळतो. तोंडात असलेल्या दातासाठी तेवढ्याच कौतुकाचा एखादा नित्यविधी घराघरात असावा, इतकीच अपेक्षा आहे.

त्या नित्यविधीचे पहिले कलम असे की, मुलाबरोबर घरातील निदान एका मोठ्या माणसाने त्याच वेळी, त्याच आरशासमोर, आपलेही दात घासावेत. त्यात आजोबा सामील झाले तर सोन्याहून पिवळे, आणि त्यांना कवळी असेल तर मुलाच्या आनंदाला पारावार राहत नाही. सबंध दंतपंक्ती हातात काढून ब्रशने घासणारा मनुष्य ही जगातील कोणत्याही कार्टूनहून सरस करमणूक आहे, आणि दातांची निगा न राखल्यास काय होते याचा दाखलाही त्यात उपदेशाविना मिळून जातो. दुसरे कलम असे की, आधी मुलाने स्वतः घासावे आणि मग मोठ्याने त्याचे काम पुरे करावे. सात-आठ वर्षांच्या वयापर्यंत मुलाच्या मनगटाला सर्व दात नीट घासण्याइतके कौशल्य येत नाही, म्हणून केवळ त्याच्यावर सोपवून चालत नाही; आणि पहिली पाळी त्याला दिली नाही तर त्याचा स्वाभिमान दुखावतो, म्हणून ती हिरावून घेऊनही चालत नाही. जपानी घरांत आई मुलाचे डोके मांडीवर घेऊन ही अखेरची सफाई करते, असा तेथील शिरस्ता आहे. तान्ह्या बाळाला पायांवर पालथे घालून न्हाऊ घालणाऱ्या, काऊ-चिऊच्या नावाने घास भरवणाऱ्या आपल्या आज्यांना ही बैठक शिकवावी लागू नये. मांडीवर डोके टेकलेल्या मुलाच्या मागल्या दाढा स्पष्ट दिसतात, मान स्थिर राहते, आणि त्या दोन मिनिटांत ते मूल कोणाचे तरी सर्वस्वी लक्ष उपभोगत असते.

तिसरे कलम खेळाचे. प्रत्येक घराने आपला खेळ आपणच रचावा हे उत्तम. पण पुणेकरांना एक खेळ शहरानेच आयता दिलेला आहे. आपल्या पेठांना सातही वारांची नावे आहेत. तोंडाच्या वरच्या ओळीचे उजवा, मधला आणि डावा असे तीन भाग, तसेच खालच्या ओळीचे तीन, यांना सोमवार पेठेपासून शनिवार पेठेपर्यंतची नावे द्यावीत, आणि जिथला गलबला कधी थांबत नाही ती बाजाराची रविवार पेठ जिभेला द्यावी. आज कोणत्या पेठेपासून झाडलोट सुरू करायची हे मुलाने ठरवावे, बुधवार पेठेत पुरणपोळीचा कण अडकल्याची फिर्याद बाबांनी दाखल करावी, आणि सातही पेठा साफ झाल्याचा दाखला आजीने द्यावा. या रचनेत दोन मिनिटांची मुदत घड्याळ न लावता भरून निघते, एकही कोपरा सुटत नाही, आणि सातही वारांची नावे मुलाला पाठ होतात ती वेगळीच.

चौथे कलम वेळेचे आहे, आणि माझ्या मते तेच आज सर्वांत दुर्लक्षित आहे. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे दातांवर राहिलेल्या अन्नकणांतील साखरेपासून जंतूंनी तयार केलेले आम्ल धुऊन जात नाही. म्हणून सकाळच्या घासण्याहून रात्रीचे घासणे अधिक मोलाचे ठरते. परंतु हिंजवडीहून किंवा खराडीहून वाहनांच्या गर्दीतून वाट काढीत आईबाप घरी पोचेपर्यंत मूल पेंगुळलेले असते, आणि दुधाची बाटली तोंडात देऊन त्याला निजवणे हाच सर्वांना सोयीचा मार्ग वाटतो. पेंगुळलेल्या मुलाशी दात घासण्याचा तगादा लावणे हे भांडणाला निमंत्रण होय. त्यापेक्षा मुलाचे जेवण आणि दूध झाल्याबरोबर, ते ताजेतवाने असतानाच, घरी असलेल्या आजी-आजोबांनी किंवा सांभाळणाऱ्या मावशींनी हा विधी उरकावा, आणि त्यानंतर पाण्याखेरीज काही देऊ नये. आईबापांनी घरी आल्यावर मुलाकडून सातही पेठांचा अहवाल तेवढा ऐकावा.

पेस्टीविषयी थोडक्यात सांगावयाचे तर, जाहिरातीत ब्रशभर पसरलेली लाट ही विक्रेत्याच्या हिताची असते. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी फ्लोराइडयुक्त पेस्ट पुरते, कारण या वयात ती थोडीफार गिळली जातेच. घासून झाल्यावर ती थुंकावी, परंतु आपल्या सवयीप्रमाणे लगेच खळखळून चुळा भरू नयेत; फ्लोराइडचा अंश दातांवर काही काळ राहणे हितावह असते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड अशा जिल्ह्यांतील ज्या गावांच्या भूजलातच फ्लोराइड अधिक आहे, तेथील पालकांनी मात्र दंतवैद्याचा सल्ला घेऊनच पेस्ट निवडावी. अतिमधुर पेस्टीचा मोह आवरावा, कारण जी पेस्ट खाऊसारखी लागते ती खाऊसारखीच खाल्ली जाते.

आता, आनंदाने होत नाही ते भयाने करून घ्यावे असे मानणारा एक पक्ष आहे. दातात वळवळणारा किडा, सुई टोचणारे डॉक्टर, पोलीसमामा अशी त्यांची फौज सदैव तयार असते. या धमक्यांनी एखादी सकाळ निभावते, परंतु पुढे खरोखर दाढ दुखू लागली की तेच मूल दंतवैद्याच्या खुर्चीत बसावयास नकार देते, आणि ज्या वैद्याशी त्याची मैत्री असावयास हवी होती त्याच्याकडे त्याला धरून-बांधून न्यावे लागते. दुसरा पक्ष लाचेचा. दात घासल्याबद्दल चॉकलेट देणाऱ्या पालकांच्या हिशेबातील विसंगती मी दाखवून देण्याची गरज नाही.

इथवर जे सांगितले ते ज्या घरांत आरसा, नळ, फुरसत असलेले आजोबा आणि प्रत्येकाचा स्वतंत्र ब्रश आहे, त्या घरांपुरते झाले. परंतु याच शहरात पर्वतीच्या उतारावरील जनता वसाहतीत, ताडीवाला रस्त्यावर, येरवड्याच्या वस्त्यांत आणि बांधकामांवरच्या पत्र्याच्या खोल्यांत जी मुले वाढतात, त्यांच्या आया पहाटे दुसऱ्यांची भांडी घासावयास घराबाहेर पडतात. त्यांना मुलाच्या शेजारी आरशासमोर उभे राहण्याचा सल्ला देणे हे निर्दयपणाचे ठरेल. या मुलांना चौक मिळवून द्यायचा तर तो सार्वजनिकच असावा लागेल, आणि सुदैवाने तो नव्याने बांधावयाचा नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि अनुताई वाघांच्या साथीने ते पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेले, तेव्हा शाळेत न येणाऱ्या आदिवासी मुलांसाठी शाळाच पाड्याच्या अंगणात नेण्याची कल्पना त्यांनी राबवली. आणि तेथे स्वच्छतेला प्रवचनाचे नव्हे, तर दिनक्रमाचे स्थान होते. देशभरातील अंगणवाड्यांचे नाव आणि मूळ विचार त्या प्रयोगाच्या कुळातले आहेत. सर्व मुले एकाच वेळी जिथे जमतात, जिथे रोज शिजवलेला आहार दिला जातो आणि जिथे ताई गाणी म्हणतात, त्या अंगणवाडीहून दात घासण्यास योग्य अशी दुसरी जागा कोणती?

स्कॉटलंडने या शतकाच्या पहिल्या दशकापासून ‘चाइल्डस्माइल’ या योजनेखाली बालवाड्यांतून रोज सामूहिक दात घासणे सुरू केले. मुले टेबलाभोवती बसतात, प्रत्येकाचा ब्रश खुणेच्या स्वतंत्र खाचेत उभा असतो, कोरडाच ब्रश वापरून पेस्ट कागदी रुमालात थुंकली जाते, त्यामुळे नळांची रांगही लागत नाही. आणि पुढे दातांच्या उपचारांवरील जो खर्च वाचला, तो योजनेच्या खर्चाहून अधिक भरला, असा तेथील अनुभव आहे. आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघरला झाला. त्याअन्वये अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी होते आणि दातांची कीड ही त्या तपासणीच्या यादीत नमूद आहे. म्हणजे कीड लागल्यावर तिची नोंद करण्याची तजवीज शासनाने केलेली आहे. ती लागू नये यासाठी आहारानंतरची पाच मिनिटे राखण्याची तरतूद मात्र अजून व्हावयाची आहे.

सेविका आणि मदतनीस यांच्यावर आधीच नोंदवह्यांचा आणि सर्वेक्षणांचा बोजा आहे, त्यात ही नवी भर कशाला, असा आक्षेप घेतला जाईल, आणि तो रास्त आहे. म्हणून या कामाला नोंदवही असू नये, फोटो काढून वर पाठवण्याचा शिरस्ता असू नये, आणि शहरातील दंत महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांनी समाजसेवेच्या पाळ्या लावून पहिले काही महिने सेविकांच्या मदतीस उभे राहावे. भारती विद्यापीठ, सिंहगड, रंगूनवाला अशी दंत महाविद्यालये ज्या शहरात आहेत, तेथे मनुष्यबळाची सबब टिकणारी नाही. पुणे महानगरपालिकेने आपल्या बालवाड्यांपासून प्रारंभ करावा, ब्रश, पेस्ट आणि ब्रश ठेवण्याच्या खाचा यांची रक्कम येत्या अंदाजपत्रकात धरावी, आणि ताईंनी मुलांच्या बरोबरीने स्वतःचेही दात घासावेत एवढी एकच अट घालावी. कारण ती अट गळाली तर बालवाडीतही तीच वेठ सुरू होईल, जी आज घरोघर सुरू आहे. महापालिकेला त्यासाठी एका ठरावाची गरज आहे. ज्यांच्या घरी नळ, आरसा आणि थोडी फुरसत आहे, त्या पालकांना मात्र आज रात्रीच्या जेवणानंतर प्रारंभ करण्यासाठी कोणाच्याही मंजुरीची वाट पाहावी लागणार नाही.